स्तनाग्राच्या चिरेत जंतुसंसर्ग झाला तर

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस स्तनाग्रं हुळहुळी होणं नेहमीचंच. पण चीर भरतच नाही, तिच्यावर पिवळी खपली धरते, पू येतो आणि पाजून झाल्यावरही ठणका राहतो, तेव्हा बहुधा जंतुसंसर्ग असतो. मग डॉक्टरांना दाखवा.

अंगावर पाजणं मात्र थांबवू नका. दूध तुंबलं की गाठी होऊन दुखणं वाढतं. सोसवतच नसेल तर त्या बाजूचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजा.

चीर दिवसातून एकदा साध्या साबणाने हलकेच धुवा. पाजल्यानंतर एक कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून स्तनाग्र मिनिटभर बुडवा, मग टिपून कोरडं करा. डॉक्टरांनी म्युपिरोसिन २ टक्के हे प्रतिजैविक मलम दिलं असेल तर चिरेवर त्याचा पातळ थर पुरतो. पुढच्या वेळी पाजण्याआधी दिसणारं मलम पुसा. घरातल्यांनी कितीही आग्रह केला तरी हळद किंवा स्पिरिट नको. ब्रेसियरमधलं ओलं पॅड लगेच बदला.

बाळाची स्तनावरची पकड सुधारली नाही तर मलमाचा उपयोग तात्पुरताच. बाळाने नुसतं बोंड चोखलं की चीर पुन्हा उकलते. तोंड मोठं उघडू द्या. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. सोडवताना तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घाला.

स्तनाग्र चकचकीत गुलाबी, आग होतेय आणि बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग? ही बुरशी असू शकते. औषध दोघांनाही एकाच वेळी लागतं.

थंडी-ताप आणि स्तनावर लाल, कडक चट्टा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.