भिंत हलली की कार्पेट एरिया आपोआप बदलू द्या

दादरच्या एका पुनर्विकासात रहिवाशांच्या सभेआधी तीन मीटर लांबीची भिंत १५० मिमी सरकवली. म्हणजे ०.४५ चौ. मी., जवळपास पावणेपाच चौरस फूट. ड्रॉइंगवरचा आकडा मात्र जुनाच राहिला, आणि सभेत पहिला हात त्याच फ्लॅटच्या काकांचा वर! तेव्हापासून ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) क्षेत्रफळ हाताने टाइप करणं बंद.

१. फ्लॅटच्या आतून बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली रेष) काढा. रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट आणि बाल्कनी वगळतात.

२. एमटेक्स्ट (मजकूर लिहायची चौकट) उघडा, राइट क्लिक, ‘इन्सर्ट फील्ड’ (ऑब्जेक्टवरून आपोआप येणारा आकडा). यादीत ‘ऑब्जेक्ट’ निवडून पॉलिलाइनवर क्लिक करा, मग ‘एरिया’.

३. फॉरमॅट ‘डेसिमल’ ठेवा. ‘ॲडिशनल फॉरमॅट’मध्ये कन्व्हर्जन फॅक्टर ०.०००००१ टाका, चौ. मी. मिळतील. चौरस फूट हवे असतील तर ०.००००१०७६३९. दोन्ही आकडे मिमीमधल्या ड्रॉइंगसाठी. शून्यं मोजून टाका, मी एकदा कमी टाकलं आणि वन बीएचकेचा बंगला झाला.

४. भिंत सरकवली की पॉलिलाइनही ओढा (हे तेवढं आपल्यालाच करावं लागतं) आणि ‘रीजेन’ ही ड्रॉइंग ताजं करणारी कमांड द्या. आकडा बदलतो.

पॉलिलाइन वेगळ्या लेयरवर ठेवून तो लेयर नॉन-प्लॉट करा, म्हणजे ती छापली जाणार नाही. ती कुणी चुकून डिलीट केली, तर आकड्याच्या जागी नुसते #### दिसतात. म्हणून पीडीएफ काढण्याआधी #### कुठे आहेत का, एवढं बघाच.