पाच ऑगस्ट आठ मे कसा झाला

सदाशिव पेठेतल्या मावशींकडे ५ ऑगस्ट २०२५ रोजी, मंगळवारी, मंगळागौर होती. मी कॅलकर्स या टर्मिनलवर (संगणकाच्या अक्षरी आज्ञांच्या खिडकीत) चालणाऱ्या दिनदर्शिकेच्या प्रोग्रॅममध्ये ०५/०८/२०२५ अशी तारीख घातली, परंतु हा प्रोग्रॅम मुळात महिना आधी वाचत असल्यामुळे नोंद ८ मे रोजी जाऊन बसली. तेव्हा प्रोग्रॅम बंद करून त्याची 'कॉन्फ' ही सेटिंग्जची फाइल उघडली आणि 'फॉरमॅट.इनपुटडेट'समोरचा १ खोडून २ लिहिला. दिवस आधी वाचला जाऊ लागला. टर्मिनलवर छापलेल्या यादीत मात्र अमेरिकी वळण कायम राहिले, कारण तिच्यासाठी 'फॉरमॅट.आउटपुटडेट' ही वेगळी ओळ आहे. 'एप्ट्स' फाइलमध्ये नोंदी महिना-आधी क्रमानेच साठतात. तो क्रम हाताने 'सुधारण्याचा' मोह टाळावा. मंगळागौर मी नव्याने नोंदवली.