कार्ड उपसण्याआधी 'ऑन बोर्ड'चा रकाना वाचा

अवाया डेफिनिटीसारख्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे कार्यालयातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजवर, नव्याने रुजू झालेल्यांसाठी लिहितोय. ०१ए१२०५ हा पोर्टचा पत्ता, म्हणजे पहिलं कॅबिनेट, ए कॅरिअर (कार्डांची रांग), बारावा स्लॉट (कार्डाची खाच), पाचवं पोर्ट (कार्डावरची जोडणी), हे तुम्हाला येतंच. पण देखभालीच्या वेळी सिस्टिम सगळं मेंटेनन्स ऑब्जेक्ट, म्हणजे एमओ, या हिशेबाने बघते. कार्ड हा एक एमओ, त्यावरचं पोर्ट हा वेगळा एमओ. हातात धरता न येणारं 'सिंक', म्हणजे दोन्ही टोकांच्या क्लॉकचा (वेळेच्या ठोक्यांचा) ताळमेळ, हासुद्धा एमओच. प्रत्येकाच्या चाचण्या आणि एरर निराळे.

मी फसलो तो इथेच. डीएस१-बीडीवर, म्हणजे बाहेरच्या डिजिटल डीएस१ लाइनच्या कार्डावर, अलार्म होता, कॉल तुटत होते. सीनिअरने शिकवलेलं, अलार्म दिसला की कार्ड बदल. मी बिझीआउट केलं, म्हणजे कार्ड सेवेतून बाहेर काढलं, त्यात चाललेले कॉलही गेले. नवं कार्ड बसवलं. तोच अलार्म! रात्री उशिरा 'डिस्प्ले अलार्म्स'चा पडदा नीट वाचला. एमओच्या नावाशेजारी 'ऑन बोर्ड'चा रकाना असतो, त्यात 'एन', म्हणजे नाही, होतं. 'वाय', म्हणजे हो, असेल तर बिघाड कार्डावर. 'एन' असेल तर कार्डाबाहेर: केबल, कनेक्टर, समोरचं टोक. माझ्याकडे कनेक्टर सैल होता. पुन्हा सांगतो, एमओचं नाव बिघाड कुठे दिसला ते सांगतं, कुठे झाला ते नाही. अलार्म कार्डाच्या नावावर लागतो म्हणून कार्ड दोषी ठरत नाही. डीएस१वर स्लिप, म्हणजे क्लॉक न जुळल्याने डेटा गळणं किंवा दुबार येणं, वाढत असतील तर आधी सिंककडे बघा, क्लॉक कुठून घेतलाय ते तपासा.

'रिसेट मार, बघू' म्हणणाऱ्या गुरूंपासून लांब राहा, हे माझं ठाम मत. रिसेटने लक्षण दबतं आणि कारण तसंच राहतं. त्यापेक्षा 'डिस्प्ले एरर्स'मधला एरर टाइप घ्या आणि मॅन्युअलमध्ये त्याच एमओचं प्रकरण उघडा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

घाबरू मात्र नका. मेजर, मायनर, वॉर्निंग असे दर्जे असतात, सगळ्यांसाठी धावायचं नसतं. दुरुस्तीनंतर 'टेस्ट बोर्ड' द्या. 'अबॉर्ट' दिसलं तर ते 'फेल' नव्हे. पुष्कळदा पोर्ट कॉलवर असतं, एवढंच. थोडं थांबून पुन्हा द्या. 'पास' आलं आणि अलार्मसमोर निकाली निघाल्याची तारीख पडली की मगच पाना ठेवा.