रविवार बघून फ्लेमिंगो येत नाहीत: मुलांना घेऊन मुंबईभोवती फिरताना या चुका टाळा

शिवडीच्या धक्क्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो ती रविवारची सकाळ मला चांगली आठवते. लेक सहा वर्षांची, गळ्यात नवी दुर्बीण, आदल्या रात्रीपासून फ्लेमिंगोंचा जप. पोचलो तर समोर दूरवर नुसता काळा चिखल, आणि त्याच्या पार टोकाला एक फिकट गुलाबी रेघ. "आई, ते पक्षी आहेत की कुणी साडी वाळत घातलीय?" शेजारी बसलेल्या एका काकांनी न विचारताच निकाल दिला. "ओहोटीला आलात. पाणी चढायला लागल्यावर यायचं."

मुंबईत मुलांना दाखवण्यासारखं रान आणि समुद्र भरपूर आहे. आपण फसतो ते बहुतेक वेळा घड्याळात. सुट्टी, नाश्ता, लोकल, पार्किंग हे सगळं जुळवून आपण निघतो आणि ज्यांना भेटायला चाललोय त्यांची वेळ तेवढी विचारायची राहते.

भरती-ओहोटी न बघता निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात उभे राहून चिखलातलं खाणं गाळून खातात. पाणी ओसरलं की ते पाण्याच्या कडेकडेने आत सरकतात आणि धक्क्यावरून ठिपके होऊन जातात. पाणी चढू लागलं की तेच थवे किनाऱ्याकडे ढकलले जातात. पूर्ण भरतीला मात्र उभं राहायलाच जागा उरत नाही, मग ते उडून नेरूळकडच्या तळ्यांसारख्या जागी विसावतात. म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन तास आपले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोटफेरी मिळते, तीही भरतीच्याच हिशोबाने सुटते. "अकराला पोचू आणि बघू" असं तिथे चालत नाही. आधी फोन करून त्या दिवशीची वेळ विचारा.

खडकाळ किनाऱ्याचं गणित नेमकं उलटं. हाजी अलीजवळचे किंवा वांद्र्याचे खडक बघायचे तर ओहोटी हवी, आणि तीही चांगली खोल. भरतीच्या तक्त्यात ओहोटीची उंची 1 मीटरच्या आत असेल तर खडकांतली डबकी नीट उघडी पडतात. 2 मीटरच्या आसपास असेल तर घरी बसलेलं बरं. पाणी सगळ्यात खाली जायच्या तासभर आधी पोचा आणि ते फिरलं की तुम्हीही फिरा. भरती समोरून येते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती मागच्या खोलगट जागेतून गुपचूप येते आणि परतीची वाट आधी बुडवते.

फोनवर भरतीचे तक्ते मिळतात. मुंबईसाठी अपोलो बंदरची वेळ बघायची. पण कोकणपट्टीतला जुना हिशोब त्याहून झटपट आहे: तिथीची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पहाटेची असो वा दुपारची, अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरायचा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे 50 मिनिटांनी पुढे.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि पाणी खूप आत जातं. मुलांना खडकांवर न्यायला हेच दिवस. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे पाणी फारसं चढत-उतरत नाही, ओहोटी भर दुपारी बाराला आणि तीही अर्धवट. तो रविवार राणीच्या बागेला, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाला द्या.

ऋतूचंही तेच. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मे. जुलैत शिवडीला छत्री घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाची मला दया येते. आणि थव्यात राखाडी, मळकट पक्षी दिसले तर "हे कुठले बगळे मध्येच?" म्हणू नका. ती फ्लेमिंगोंचीच लहान पिल्लं असतात. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो.

खडकांवर चपला घालून जाणं

शेवाळावर चप्पल सटकते आणि हात टेकला की कालवांच्या धारदार कडा तळवा कापतात. जुने, मागून बंद असलेले, भिजले तरी चालतील असे बूट घाला. बॅगेत साधं पिण्याचं पाणी आणि पट्टी असू द्या.

दगड उचलून खाली बघायला हरकत नाही, पण हलक्या हाताने आणि तो होता तसाच परत ठेवायचा. दगडाच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना उन्हात पालथं टाकलं की ती मरतात. शंख गोळा करण्याचा मोहही आवरा. बऱ्याच शंखांत खेकडा भाडेकरू असतो. काही शंखांतला मूळ मालकच विषारी असतो: शंकूसारख्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख मुलांनी उचलू नये, तो डंख करतो. प्रवाळाला तर हातही नको. मुंबईच्या खडकांवर प्रवाळ आहेत हेच अनेकांना ठाऊक नसतं. 1972च्या वन्यजीव कायद्याने ते वाघाइतकेच संरक्षित आहेत.

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळ्या फुग्यासारखं काहीतरी पडलेलं दिसतं, मागे निळे दोरे. ही निळी बाटली (ब्लूबॉटल), जेलीफिशसारखा डसणारा जीव. मेलेली, वाळलेली दिसली तरी तिचे दोरे डसतात आणि मुलं नेमका त्या फुग्यावरच पाय देतात. डसलीच तर चोळू नका, वाळू लावू नका, पिण्याच्या साध्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. श्वासाला त्रास, उलटी किंवा चक्कर असेल तर थेट दवाखाना.

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट (स्टिंगरे, शेपटीत काटा असलेले चपटे मासे) लपलेले असतात. 2013च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर त्यांनी बऱ्याच जणांना दुखापत केली होती. पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, म्हणजे चाहूल लागून ते आपणहून सरकतात. काटा लागला तर गरम पाणी आणि डॉक्टर, दोन्ही.

जंगलात खाऊची पिशवी हातात धरणं

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात माकडांना पिशवीचा आवाज ओळखीचा आहे. प्लास्टिक चुरचुरलं की समजा बोलावणं गेलं. डबे पाठीवरच्या बंद बॅगेत ठेवा. माकडाने पिशवी धरलीच तर ओढाताण न करता सोडून द्या. वेफर्सच्या पुडीपेक्षा बोटं महाग.

दुसरी चूक अंतराची. मुख्य दारापासून कान्हेरी लेणी सुमारे 6 किलोमीटर आहेत. "चालत जाऊ, मजा येईल" ही मजा तिसऱ्या किलोमीटरला बाबांच्या खांद्यावर येऊन बसते. आत बस मिळते, सायकली भाड्याने मिळतात. चालायचं असेल तर परतीचं अंतर आधी मोजा.

बिबट्याबद्दल दोन टोकं दिसतात: काही जण घाबरून येतच नाहीत, काही जण पोरांना पायवाटेवर मोकाट सोडतात. उद्यानात बिबटे मोकळे राहतात, पण ते बहुतांशी रात्रीचे आणि माणसाला टाळणारे. लहान मूल कायम दोन मोठ्यांच्या मध्ये ठेवा, अंधार पडायच्या आत बाहेर पडा, बंद केलेल्या वाटेला जाऊ नका. दिसलाच तर पळू नका. मुलाला उचलून घ्या, ताठ उभे राहा, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे या.

सोमवारी उद्यान बंद, कान्हेरीही. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी. पेंग्विनसाठी हट्ट धरून बसलेलं मूल बुधवारी भायखळ्याच्या बंद फाटकासमोर कसं रडतं, हे एकदा बघितलं की वार पाठ होतो.

कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात गेलात तर ते पक्षिसंग्रहालय नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. झाडीतले पक्षी आधी ऐकू येतात, मग दिसतात. तिथल्या किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून वर चढणाऱ्यांनी अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळावं. आणि पक्ष्यांसाठी पहाटे उठायची सवय लागलेल्यांनी फुलपाखरांसाठी तशीच धाव घेऊ नये. पंख उन्हात शेकल्याशिवाय ती उडत नाहीत. धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात (ही जागा एके काळी कचराभूमी होती, यावर आज विश्वास बसत नाही) नऊनंतर जा.

कुरवांना शेव-गाठी

गेटवेहून सुटणाऱ्या लाँचमागे हिवाळ्यात कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, थवा लागतो आणि अख्खी बोट फरसाण उधळते. फोटो छान येतात, मान्य. पण मीठ-मसाला आणि तेल हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नव्हे. मुलांच्या हातात पुडी देऊ नका. ते तसेही मागे येतात.

"मला काहीच दिसत नाहीये"

दुर्बीण असूनही हे ऐकू आलं तर दोष बहुधा मुलाचा नसतो. दुर्बिणीची दोन नळकांडी मोठ्यांच्या डोळ्यांच्या अंतरावर उघडी असतात. ती मिटवून जवळ आणा, मुलाला दोनाऐवजी एकच गोल दिसला पाहिजे. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडा दुमडा. आधी पक्षी नुसत्या डोळ्यांनी शोधायचा, मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. लहानांना 8 पट मोठं दाखवणारी हलकी दुर्बीण पुरते. त्याहून जास्त ताकदीची घेतली की हात हलतो आणि चित्र थरथरतं.

त्या पहिल्या रविवारी हे आम्हाला काहीच माहीत नव्हतं. फ्लेमिंगोंचा नाद सोडून लेक धक्क्याच्या कडेशी पोटावर पालथी पडली, आणि मी तिचा फ्रॉक धरून बसले. खाली चिखलात निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. एवढा मोठा एकच नांगा उगारून एक लाल खेकडा दुसऱ्याला धमकावत होता. तासभर ती जागची हलली नाही. शाळेत "मी काय पाहिले"वर तिने निबंध लिहिला, त्यात फ्लेमिंगोंवर एक ओळ होती. बाकी सगळ्या निवट्या.