मोडी कागदावरचा सन चुकत होता: माझा अनुभव

आजोबांच्या पेटीत एका पूर्वजांचा मोडी लिपीतला कागद निघाला. ते कमाविसदार (महसूल वसूल करणारे अधिकारी) होते एवढं वाचता आलं, पण कधी? तारखेत 'सन सलास सबैन मया व अलफ, छ १० रमजान'. म्हणजे ११७३. हिजरी (मुसलमानी चांद्र सन) धरून १७६० आलं, फसली (महसुली सन) धरून १७६३. दफ्तरात दोन्ही सालांचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पाहिले, नाव कुठेच नाही. दोन उन्हाळे वाया गेले, फार जीव तुटला.

हा शुहूर सन होता, मराठी दफ्तरात अरबी अंकशब्दांत लिहिला जाणारा. अक्षरी अंक एकम्‌पासून वाचायचे: सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. शुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुमारास सुरू होतं. मृग ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग ६००. कोणता भाग, हे महिना सांगतो. 'छ' म्हणजे चंद्र, हिजरी तिथी. जंत्रीत (तारखांच्या तक्त्यात) त्या वर्षातला रमजान २६ नोव्हेंबरच्या आसपास लागला होता, म्हणून ५९९. कागद डिसेंबर १७७२चा, थेऊरला माधवराव पेशवे गेले (१८ नोव्हेंबर) त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांचा!

मग पुणे पुराभिलेखागारात त्याच सालाचा, त्याच परगण्याचा रुमाल मागितला. हिशेबाच्या तिसऱ्या बंदावर (लांब कागदावर), शाई फुटलेल्या ओळीत, त्यांचं नाव होतं.