चित्रं पाहायला शहरात निघालात? या चुका टाळा

निव्वळ चित्रं पाहायला म्हणून मी पहिल्यांदा मुंबईला गेलो, तो वार सोमवार होता. वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली, सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि दोन जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन पायीच काळा घोडा या कलादालनांच्या भागाकडे निघालो. वीस मिनिटांची वाट. आठ वाजता आम्ही जहांगीर कलादालनाच्या बंद दारासमोर उभे होतो. ते उघडतं अकराला. जवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ज्याला सगळे एनजीएमए म्हणतात, ते सोमवारी उघडतच नाही. तीन तास फुटपाथवर चहा पीत काढले. त्यातल्या एकाने शेवटी विचारलंच, "सर, याच्यासाठी रात्रभर बसून आलो का आपण?"

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात एका शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झाल्या की दरवर्षी एखादं पोरगं विचारतं, "आजकालचे चित्रकार पाहाचे असन तं कुठं जा लागते?" पूर्वी मी पत्ते देत असे. आता आधी चुका सांगतो, कारण त्या सगळ्या मी करून बसलो आहे.

वार न पाहता निघणं

आपल्याकडे सुट्टी रविवारची, म्हणून आपण शनिवारी रात्री निघतो. मुंबईतली बरीच खासगी दालनं नेमकी रविवारी बंद असतात, काही सोमवारीही. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. मंगळवार ते शनिवार यातला दिवस धरा, एक रजा टाका. शिवाय दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालन आठ-दहा दिवस रिकामं असतं, भिंती रंगवणं चालू असतं. म्हणून तिकीट काढायच्या आधी एक फोन करा आणि "चालू आहात का?" असं न विचारता "सध्या भिंतीवर काय आहे आणि कधीपर्यंत?" असं विचारा. चालू तर ते असतातच.

फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव बघावा, पण महोत्सव म्हणून. शनिवार-रविवारी तिथे आपल्या जत्रेसारखी गर्दी असते, चित्रासमोर दोन मिनिटं उभं राहता येत नाही.

दालनांची यादी करणं, चित्रकाराची नाही

ही सगळ्यात मोठी चूक. आपण 'मुंबईतील प्रसिद्ध आर्ट गॅलरी' असं शोधतो, दहा नावं लिहून घेतो आणि रेशन दुकानांसारखी एकामागून एक फिरतो. संध्याकाळी पाय दुखतात आणि डोक्यात एकही चित्र उरत नाही.

त्यापेक्षा एक माणूस धरा आणि त्याच्या मागे जा. माझ्या भागातलंच उदाहरण देतो. राजुऱ्याजवळच्या सास्ती गावात कोळशाची खुली खाण आहे. त्या गावात 1986 साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते आज देशातल्या महत्त्वाच्या समकालीन चित्रकारांपैकी आहेत. घरच्या तीन पिढ्या खाणीत राबलेल्या. ते स्वतः शिकले छत्तीसगडमधल्या खैरागडला आणि नंतर बडोद्याला. चित्रं काढतात कोळशाने, पुष्कळदा थेट भिंतीवर, माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी खाणीतला दिवा किंवा एखादं अवजार. 2021 मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी हा पुरस्कार त्या वेळच्या सहाही कलावंतांत वाटून दिला गेला, त्या सहांमध्ये ते होते.

आता या एका नावातून किती वाटा फुटतात ते बघा. खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय गोंदियाकडून राजनांदगाव गाठलं की फार दूर नाही. तिथे गेलात की आज शिकणारी मुलं भेटतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागातून निघालेल्या कुणाचंही प्रदर्शन कुठे लागलं, तर ते आपल्या नजरेत यायला लागतं. पाचपुत्यांचं काम कोलकात्याचं 'एक्सपेरिमेंटर' हे दालन दाखवतं, म्हणजे त्या दालनातल्या बाकीच्या कलावंतांकडेही एकदा पाहावं. चित्रकार कुणाबरोबर मांडतो, कुणाच्या प्रदर्शनाला जातो, हे इन्स्टाग्रामवर दिसतंच. दालनाच्या खात्यापेक्षा चित्रकाराचं खातं धरलेलं बरं. दालन विकायला बसलेलं असतं, चित्रकार बहुधा मित्रांची कामं दाखवत असतो.

आणि एक गोष्ट. त्या कोळशाच्या चित्रांसमोर घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणपट्ट्यातला माणूस उभा राहिला तर त्याला दालनातल्या पत्रकाची गरज लागत नाही. माझ्या वर्गात मोबाइलवर एक चित्र दाखवलं, तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे तं माह्या बाबाच्या डब्ब्याच्या टायमाचं आहे." वेकोलीच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या, कामगाराची पोरगी. मी त्यावर काही बोललो नाही.

जहांगीर पाहिलं की झालं, असं समजणं

जहांगीर 1952 पासून आहे, प्रवेश फुकट आहे, जरूर जा. पण तिथली व्यवस्था माहीत असावी. ते दालन कलावंतांना भाड्याने मिळतं. कलावंत अर्ज करतो, निवड झाली की नंबर यायला वर्षानुवर्षं थांबतो, आणि मग साधारण एका आठवड्यासाठी भिंत त्याची. म्हणून तिथे या आठवड्यात फार चांगलं आणि पुढच्या आठवड्यात अगदी बेताचं असं होऊ शकतं. एकदा जाऊन निराश झालात, तर दोष त्या इमारतीचा नाही.

दुसऱ्या तऱ्हेची दालनं स्वतः कलावंत निवडतात, त्यांना वर्षानुवर्षं सांभाळतात आणि विक्रीतला मोठा हिस्सा, बऱ्याचदा निम्मा, घेतात. 1963 मध्ये जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर सुरू झालेलं 'केमोल्ड' हे त्यातलं जुनं घराणं. आता ते फोर्टमध्ये, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. समकालीन काम बघायचं तर दोन्ही तऱ्हा बघायला हव्यात.

तसंच, शहर म्हणजे मुंबईच हे कुणी ठरवलं? नागपूरहून रेल्वेने मुंबई सव्वाआठशे किलोमीटरच्या वर आहे, भोपाळ चारशेच्याही आत. भोपाळचं भारत भवन 1982 साली उघडलं, इमारत चार्ल्स कोरियांची. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिथल्या संग्रहासाठी तरुणांना गावोगावी पाठवलं आणि पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान गोंड तरुणाची चित्रं जगासमोर आली. तिथे आदिवासी कलावंत आणि कलाशाळेत शिकलेला कलावंत एकाच छपराखाली आहेत. गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. फक्त ते दुपारनंतर उघडतं आणि सोमवारी बंद असतं. सोमवारचा धडा मी दोनदा गिरवला आहे, तुम्ही नका गिरवू.

बंद दार बघून परतणं

फोर्ट-कुलाब्यातली खासगी दालनं जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर असतात. खाली इवलीशी पाटी, वर बंद दार. बेल वाजवायची असते. तिकीट नसतं, ओळखपत्र लागत नाही, खरेदी करायची सक्ती नसते. एका ठिकाणी चौकीदाराने माझ्या धोतरातल्या मामांकडे पाहून "काय काम आहे?" विचारलं. मामा म्हणाले, "चित्र पाहाचं आहे." तो बाजूला झाला. एवढंच उत्तर पुरतं. लाजून खालीच उभं राहणं ही आपली जुनी खोड आहे.

आत गेल्यावर टेबलावर कामांची यादी असते, किमतीसकट. ती मागायला हरकत नाही. नावाखाली लाल ठिपका दिसला तर ते काम विकलं गेलेलं. फोटो काढायचा तर विचारून, फ्लॅश बंद करून. स्टेटसला टाकाल तेव्हा चित्रकाराचं नाव लिहा.

भिंतीवरचा मजकूर इंग्रजीत आणि तोही जड असतो. तो आधी वाचायला गेलात तर घाम फुटेल. आधी चित्र पाहा, मग वाटलं तर वाचा, नाहीतर टेबलापाशी बसलेल्या मुलीला मराठीत विचारा. ती सांगते.

उद्घाटनालाच जाण्याचा हट्ट

हे नागपुरातलं दुखणं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र असो की चिटणवीस सेंटर, सिव्हिल लाइन्समधली प्रदर्शनं बहुतेक तीन-चार दिवसांची असतात आणि उद्घाटन संध्याकाळी. सत्कार, नारळ, भाषणं. मुख्य पाहुणे चित्रांपेक्षा जास्त वेळ माइकसमोर. तोवर आपली शेवटची एसटी निघून जाते, आणि चित्रकाराशी दोन शब्दही होत नाहीत, कारण तो पाहुण्यांना चहा विचारत असतो.

त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-एकला जा. दालन रिकामं असतं. प्रदर्शन स्वतःच्या खर्चाने लावलेलं असल्यामुळे चित्रकार तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो, कंटाळलेला असतो, आणि तासभर बोलतो. मला जे काही कळलं ते अशाच दुपारींमध्ये. खबर लागण्यासाठी वर्तमानपत्राच्या नागपूर आवृत्तीतलं शहरातल्या कार्यक्रमांचं सदर पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पत्रिकेवरची तारीख दोनदा वाचा, वर्षही वाचा. शासकीय चित्रकला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन कधी आहे हे आधी विचारून ठेवलं, तर एका फेरीत पन्नास नवे हात पाहायला मिळतात. प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा याच नागपुरातल्या कलाशाळेत शिकून पुढे मुंबईला गेले होते.

पाटी नाही म्हणून न मोजणं

नागपूरच्या महाल भागातली चितार ओळी, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, गणपतीच्या आधी महिनाभर जाऊन पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, पाहा, दरवर्षी नव्या विषयावर, नव्या चेहऱ्याचे. आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे रंगवलेले पडदे तर मी लहानपणापासून बघतोय, पण रंगवणाऱ्याचं नाव विचारलं चाळिशी उलटल्यावर. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाला नाटक कंपन्यांची लगबग असते, तेव्हा विचारलं तर सांगतात. भद्रावतीच्या ग्रामोदय संघातलं मातीकामही याच यादीत धरा. कामाच्या ठिकाणी मात्र सकाळी जावं, वाटेत उभं राहू नये, आणि ओल्या मूर्तीला बोट लावून पाहू नये.

शेवटी अभिप्राय-वही. 'छान', 'खूप सुंदर' लिहून पान उलटवू नका. कोणत्या चित्रापाशी थांबलात ते लिहा आणि गावाचं नाव लिहा. मी नागपुरात एकदा सविस्तर लिहिलं, शाळेचा पूर्ण पत्ता दिला. काही महिन्यांनी त्या चित्रकाराच्या पुढच्या प्रदर्शनाची छापील पत्रिका टपालाने शाळेत आली. हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांत फिरवली. ती पोचली तेव्हा प्रदर्शन संपून चार दिवस झाले होते. तेव्हापासून वहीत मी पत्त्याखाली मोबाइल नंबरही लिहितो.