ड्वार्फ लायनफिशला मेलेलं खायला कसं शिकवायचं

घरच्या रीफ टँकमधले (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले) ड्वार्फ लायनफिश, म्हणजे विषारी काट्यांचे छोटे शिकारी समुद्रमासे, रोगराईपेक्षा खाण्यापायी जास्त दगावतात. पहिल्या महिन्यात उपासमारीनं, आणि तेवढ्यातून वाचले तर पुढे लाडानं. बाकी मासा काटक आहे. पाणी सांभाळता येणाऱ्याला तो मुळीच जड नाही.

तुमचा टँक मुरलेला आहे, स्कीमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) दणकट आहे, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २४ ते २६ अंश आहे, असं धरून चालतो. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय) हे तापमान टिकत नाही, हेही ठाऊक असेलच. ज्यांचा टँक अजून सायकल होतोय, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू अजून तयार होताहेत, त्यांनी मासा सध्या दुकानातच राहू द्यावा.

मासा निवडणं

ड्वार्फ म्हणून प्रामुख्यानं तीन जाती मिळतात. फझी गोलमटोल, अंगावर झालरी मिरवणारा, फार तर १७ सेंटिमीटरचा. झेब्रा त्याहून थोडा मोठा, पाठीचे काटे उंच. तिसरा फू मांचू: तोंडाशी दोन लांब मिशा आणि पाठीच्या मागच्या परावर (पोहायच्या पंखावर) डोळ्यांसारखे दोन ठिपके. दिसायला सगळ्यात देखणा आणि खाण्याच्या बाबतीत सगळ्यात नाठाळ. पहिलाच लायनफिश असेल तर मुकाट्यानं फझी घ्या. त्याला १२० ते १५० लिटरचा टँक आणि दिवसभर दडून बसायला खडकाखाली सावलीची कपार हवी.

मोठ्या व्हॉलिटन लायनफिशची पिल्लं ड्वार्फ म्हणून गळ्यात मारली जातात. छातीचे पर नीट पाहा. ड्वार्फचा पर सलग पडद्याच्या पंख्यासारखा उघडतो, व्हॉलिटनच्या पराचे काटे फितीसारखे सुटे असतात. ते पिल्लू पुढे सव्वा फुटाचं होतं, तेव्हा दुकानदार ओळख दाखवत नाही.

पैसे देण्याआधी मासा तुमच्यासमोर खाताना पाहा. ‘खातो ना, मस्त खातो’ याला काही अर्थ नाही. काय खातो ते विचारा. जिवंत गप्पी गिळत असेल तर पुढचं सगळं काम तुमच्याच वाट्याला आहे असं समजा.

सोबती आणि प्रवाळ

तोंडात मावेल ते पोटात जाणार. लायनफिशचं तोंड मिटलेलं पाहून अंदाज बांधू नका, ते उघडतं तेव्हा डोकं नाहीसं होतं. छोटे क्लाउनफिश, क्रोमिस, फायरफिश, सडपातळ रास आणि महागडी क्लीनर श्रिंप ही त्याची न्याहारी. मोठे टँग, फॉक्सफेस चालतात. ट्रिगर आणि पफर नकोत, ते त्याचे पर कुरतडतात. डंख मारणारा, तळाला चिकटून बसणारा कार्पेट अ‍ॅनिमोनही नको, कारण तिथे लायनफिशच शिकार होतो. एका टँकमध्ये एकच ठेवा, दोन नर भांडतात.

प्रवाळाला तो तोंड लावत नाही. पण आपल्याकडे दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘आपल्याच किनाऱ्यावरचा आहे, स्वस्तात देतो’ असं सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. तो तुकडा घरी ठेवणं हा गुन्हा आहे.

खरं काम: जिवंतावरून मेलेल्यावर आणणं

मला सगळ्यात जास्त घाम इथेच फुटला आहे, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

पहिला सल्ला ठरलेला: ‘उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत खाईल.’ खाणार नाही. लायनफिश अन्न ओळखतो ते हालचालीवरून. समुद्रात तो लहान कोळंब्या, खेकडे आणि बारके मासे जिवंत गिळतो. तोंड एकदम उघडतो, पाणी आत ओढतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य. तळाला निपचित पडलेला कोळंबीचा तुकडा त्याच्या लेखी कचरा आहे. भूक कितीही लागली तरी कचऱ्याचं अन्न होत नाही. शिवाय तुमच्या घरी पोहोचेपर्यंत तो पकडणारा, निर्यातदार, आयातदार, दुकानदार अशा चार हातांतून आलेला असतो आणि वाटेत कुणी त्याला पोटभर घातलेलं नसतं. अशा माशाला आणखी उपाशी ठेवलं की एक दिवस तो जिवंत भक्ष्याकडेही वळून पाहत नाही. मग काही उपाय उरत नाही.

दुसरा सल्ला लसणाचा रस चोळण्याचा. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला वासाचं आमिष दाखवून काय साधणार? लसूण फोडणीला ठेवा.

म्हणून क्रम उलटा: आधी जिवंत घालून पोट भरायचं, अंग धरू द्यायचं, मगच शिकवणी.

शिकवणी मुख्य टँकमध्ये घेऊ नका, यावर माझं मत पक्कं आहे. तिथे मासा खडकाच्या मागे जाऊन बसतो, रात्री तुमची श्रिंप फस्त करतो आणि तुमच्या खाऊ घालायच्या काडीकडे ढुंकून बघत नाही. ४०-५० लिटरचा क्वारंटाइन टँक (नव्या माशाला वेगळं ठेवायचा टँक) घ्या. तळ मोकळा, एक स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, प्रकाश मंद. रोगाची तपासणीही तिथेच उरकते.

पहिले दोन दिवस त्याला एकटं सोडा. मग संध्याकाळी दिवा मालवल्यावर जिवंत घोस्ट श्रिंप एकेक करून सोडा. ती गोड्या पाण्यातली असते, खाऱ्यात फार काळ तग धरत नाही, त्यामुळे मूठभर एकदम टाकलीत तर ती मरून सकाळी पाण्यातला विषारी अमोनिया मोजत बसाल. खाडीतली जिवंत करंदी आणून देणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याहून उत्तम. श्रिंपला आदल्या रात्री स्पिरुलिनाचं चांगलं खाद्य घाला. तिच्या पोटात जे असेल तेच माशाला मिळणार. गोल्डफिश मात्र कधीही घालू नका. त्याच्यात थायामिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि गोड्या पाण्यातल्या माशाची चरबी लायनफिशच्या यकृताला मानवत नाही. नाल्यातून धरलेले गप्पीही नकोत. जिवंत मासाच द्यायचा असेल तर घरी वाढवलेली मोली द्या, तिला हळूहळू खाऱ्या पाण्याची सवय लावता येते.

मासा रोज संध्याकाळी त्याच कोपऱ्यात येऊन वाट पाहू लागला की काडी काढा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची हातभर काडी सगळ्यात चांगली, टोक बोथट केलेली बांबूची काडीही चालते. स्टीलचा चकचकीत चिमटा नको, पहिल्या दिवशी तो चिमट्यालाच घाबरतो. जिवंत श्रिंप शेपटीच्या कडेला हलकेच अडकवा, जरा ओढ बसली की सुटली पाहिजे. काडीवरची जिवंत श्रिंप तो घेऊ लागला म्हणजे निम्मं काम झालं.

यानंतरची युक्ती कुणी सांगत नाही. इतके दिवस जी श्रिंप जिवंत देत होतात, तीच फ्रीझरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वितळवून काडीला लावा. आकार, रंग, चव सगळं ओळखीचं, फक्त हालचाल तुमच्या हाताची. बहुतेक लोक इथे थेट सोललेल्या कोळंबीच्या पांढऱ्या तुकड्यावर उडी मारतात आणि मग ‘माझा मासा हट्टी आहे’ म्हणतात.

ती हालचाल कशी करायची, हे नीट वाचा. तुकडा माशाच्या तोंडाकडे न्यायचा नाही. आजवर एकही कोळंबी लायनफिशच्या तोंडाकडे चालत गेलेली नाही. तुकडा त्याच्यापासून जरा लांब, तळालगत धरा आणि दूर न्या: एक हलका झटका, थांबा, पुन्हा झटका. आता माशाकडे बघा. आधी एक डोळा फिरतो. मग तो सगळा वळतो, छातीचे पंखे उघडतो आणि पाठीचे काटे पुढे झुकवतो. फझी तर छातीच्या परांच्या खालच्या काट्यांवर तळाला टेकून चक्क सरपटत येतो. दोन्ही डोळे तुकड्यावर स्थिरावले की तुमचा हात आणखी हळू झाला पाहिजे. बोटभर मागे घ्या आणि पूर्ण थांबा. तो झडप घालतो ती बहुधा या थांबण्याच्या क्षणी. लोक घाईत नेमके तेव्हाच हलवत राहतात आणि मासा कंटाळून निघून जातो.

पहिल्या वेळी तो तुकडा तोंडात घेऊन थुंकेल. थुंकू दे, काडी हलवू नका. पुष्कळदा खाली पडता पडताच तो पुन्हा उचलतो. दोनदा थुंकला तर तुकडा बाहेर काढा, दिवा बंद करा आणि उद्या बघा. मुख्य म्हणजे कीव येऊन त्याच संध्याकाळी जिवंत श्रिंप सोडू नका. नाही म्हटलं की चांगलं मिळतं, हे त्याला एका रात्रीत कळतं. जिवंत खाणं वेगळ्या दिवशी, साधारण दर तिसऱ्या दिवशी द्या म्हणजे पोट खपाटीला जात नाही.

शिकवणी कधी थांबवायची हे पोटावरून ठरवा. वरून पाहिल्यावर डोक्याच्या मागचा भाग आत बसलेला दिसला, तर तत्त्वं बाजूला ठेवून पुन्हा जिवंत अन्नावर या. सहा सेंटिमीटरच्या पिल्लाला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका. धष्टपुष्ट मोठा मासा आठवडा सहज काढतो. फू मांचूला सगळ्याच टप्प्यांवर दुप्पट वेळ द्या, आणि त्याला दिवे गेल्यावर लाल टॉर्चच्या उजेडात खाऊ घाला.

गोठवलेली श्रिंप विनातक्रार जाऊ लागली की कोळंबीचे आणि माकुलाचे तुकडे त्याच आकारात कापून मध्ये मध्ये द्या. काडी हलवण्याआधीच तो काचेपाशी येऊन उभा राहायला लागला, की मुख्य टँकमध्ये सोडा. तिथेही काडी तीच, कोपरा ठरलेला, वेळ तीच.

रोजचं खाणं

कोळणीकडून सालीसकट करंदी, थोडं माकुल आणि मुडदुशीसारखा पांढऱ्या मांसाचा मासा घ्या, लहान पुड्या करून गोठवा. घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुडीला हळद-मीठ लागलेलं सापडतं. वितळल्यावर गाळणीत धुऊन तो रस बेसिनमध्ये ओता. टँकमध्ये गेला तर फॉस्फेट वाढतं आणि त्याची किंमत प्रवाळ मोजतात. नुसत्या क्रिलवर (गोठवून विकल्या जाणाऱ्या कोळंबीसारख्या बारक्या समुद्री जीवावर) ठेवू नका. वर्षानुवर्षं क्रिल खाणाऱ्या लायनफिशचे जबडे आखडल्याची तक्रार जुनी आहे. अन्न बदलत ठेवा, आठवड्यातून एकदा जीवनसत्त्वाच्या द्रावणात भिजवा.

तुकडा माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला दर दोन-तीन दिवसांनी तीन-चार तुकडे. पोट किंचित गोल दिसलं की बस. तो पुन्हा काचेपाशी येईल, पंखे हलवून मागेल. जेवून उठल्यावर पाच मिनिटांनीही मागेल. त्याच्या मागण्यावर जाऊ नका, यकृतात चरबी साठून मेलेले लायनफिश असेच लाडावलेले असतात.

काटा लागला तर

पाठीच्या १३ काट्यांत विष असतं, पोटाकडच्या परांच्या काट्यांतही. टँकमध्ये हात घालण्याआधी मासा कुठे बसलाय ते शोधा. सापडला नाही तर हात घालू नका, तो कपारीत उलटा लटकलेलाही असतो. जाळीनं पकडू नका, काटे अडकतात. प्लॅस्टिकचा मग किंवा डबा पुढे धरून त्यात हाकला.

काटा टोचलाच तर वेदना भयंकर होतात, पण विष प्रथिनाचं असल्यानं उष्णतेनं निकामी होतं. ४३ ते ४५ अंशांच्या गरम पाण्यात हात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हातानं तपासा, कारण टोचलेल्या हाताला चटका कळत नाही आणि लोक स्वतःला भाजून घेतात. बर्फ लावू नका, चीर देऊ नका, तोंडानं चोखू नका. नंतर डॉक्टरकडे जा, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते बघायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.

गणपतीला गावी जाताना मोठ्या लायनफिशची सोय काहीच करावी लागत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी नेहमीएवढंच घाला, जास्त नाही. शेजाऱ्यांना वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप कसा लावायचा तेवढं दाखवा, करंदीची पुडी आणि काडी मात्र कपाटात ठेवून कुलूप लावा.